रंगकामाची माणसं झोपणार कुठे? (सोसायटी ग्रुप, ठाणे)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. सोमवारपासून बाहेरचं रंगकाम सुरू. दहा माणसं आहेत, कंत्राटदार झोपायला क्लबहाऊस मागतोय. हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत कळवा.

बी-७०२: सक्त हरकत. २०२० ला हेच लोक अर्धी बी विंग तशीच टाकून पळाले. दोन पावसाळे माझी बेडरूम गळत होती.

ए-३०१: पळाले नाहीत हो, चालत गेले.

बी-७०२: तेच ते काकू 🙂

ए-३०१: तेच कसं? २४ मार्चला रात्री आठला जाहीर झालं, बारापासून सगळं बंद. कंत्राटदाराचा फोनही बंद. पत्र्याच्या शेडमध्ये सहा पोरं, छोटा सिलिंडर आठवड्यात संपला. रेशनकार्ड गावचं, इथे कोण विचारतो! शिवभोजन पाच रुपयांत होतं, पण तिथवर जायचं तर नाक्यावर काठी.

ए-१०४: आणि खालचा नळ आपणच बंद केला. कमिटीत मी होतो, नोटिशीवर माझी सही आहे. मग ती पोरं टँकरच्या गळक्या पाइपाखाली बादली धरायची. गॅलरीतून दिसायचं.

बी-७०२: तेव्हा सगळेच घाबरलेले होते.

ए-१०४: होतोच की.

सी-५०५: १ मेपासून श्रमिक ट्रेन होत्या ना? थांबायचं होतं.

ए-३०१: त्यांचे फॉर्म मीच भरले. पोलीस ठाण्यात यादी, आधार, वर डॉक्टरचा दाखला. एका दवाखान्यात दाखल्याचे माणशी दोनशे मागितले. दिले. मग मेसेजची वाट बघत बसलो, तो आलाच नाही. ८ मेला करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ जण मालगाडीखाली गेले. जालन्याहून भुसावळला निघाले होते, तिथून गाडी मिळेल म्हणून. मी म्हटलं, आता तरी निघू नका. तर मोठा म्हणतो, "काकी, हम पटरी से नहीं, रोड से जाएँगे." चाळीस पोळ्या करून दिल्या. करमाडच्या फोटोत रुळांवर पोळ्याच पडल्या होत्या, त्यामुळे कागदात बांधताना माझा हात चालेना.

बी-७०२: पोचले का?

ए-३०१: सतराव्या दिवशी मिस कॉल आला, मध्य प्रदेशातल्या सतन्याहून. कसाऱ्याचा घाट पायी चढले, पुढे एसटीने हद्दीपर्यंत फुकट सोडलं. दीड महिन्याची मजुरी मात्र कंत्राटदाराने बुडवली.

सी-२०१: आपला ॲडव्हान्सही त्याच्याकडेच अडकला ना? परराज्यातली पाच किंवा जास्त माणसं ठेवली तर जाण्या-येण्याचं भाडं कंत्राटदाराने द्यायचं, असं १९७९ च्या कायद्यात होतं. आपल्यापैकी कुणी विचारलंच नाही. मीही नाही, आणि मी वकील 🙏

सेक्रेटरी: यावेळी करारात घालतो. माणसांची नावं आणि मजुरी दर शनिवारी, आपल्यासमोर.

बी-७०२: ठीक आहे, द्या क्लबहाऊस. पण आत बिडी नको. आणि टीटी टेबलावर कुणी झोपायचं नाही.

ए-३०१: सेक्रेटरी, पंपरूम झाडाल तेव्हा कोपऱ्यातलं पोतं टाकू नका. त्यांचे ब्रश आहेत त्यात, एक कढई पण.