चित्रांचा तक्ता लावलाय, पण मुलगा बघतच नाही

प्रश्न: इंदिरानगरची आई
मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय. चार-पाच शब्द बोलतो, बाकी हात धरून ओढत नेतो. दिवसभराची बारा चित्रं नेटवरून प्रिंट काढून भिंतीवर लावलीत. बघत नाही, उलट काढून चावतो. काही हवं असेल तर त्यातलंच चित्र दाखव म्हणते, तेही जमत नाही. सासूबाईंना भीती वाटते की चित्रांची सवय लागली तर बोलणारच नाही.

उत्तर: विशेष शिक्षिका, पंचवटी
ताई, एकाच तक्त्यावर दोन कामं चालली आहेत. वेळापत्रक म्हणजे आपण त्याला सांगायचं. मागणीचं कार्ड म्हणजे त्याने आपल्याला. तो तक्त्यावरून 'बाग' काढून आणणार, तुम्ही 'आत्ता नाही' म्हणणार. असं होत राहिलं की कार्ड देऊन काही मिळत नाही, एवढंच तो शिकतो. मागणीची कार्डं वेगळ्या वहीत ठेवा.

बारा खूप झाली. 'आधी – मग' अशा दोन घरांवर या: आधी दात घासणे, मग झोका. 'मग'मधली गोष्ट आवडीची हवी आणि लगेच मिळायला हवी. काम झालं की कार्ड त्यानेच काढून 'झालं'च्या डब्यात टाकायचं. बहुतेक घरी नेमकं हेच राहून जातं, मग तक्ता सकाळी जसा तसाच संध्याकाळी दिसतो.

नेटवरचा ब्रश म्हणजे त्याचा ब्रश नव्हे. घरातल्याच वस्तू एकरंगी चादरीवर ठेवून फोटो काढा. फोटोही उमगत नसेल तर खरी वस्तूच हातात द्या: आंघोळीआधी पाण्याचा मग, बाहेर जाताना चप्पल.

उत्तर: स्पीच थेरपिस्ट, कॉलेज रोड
मागणीसाठी पेक्स (PECS, म्हणजे चित्राचं कार्ड देऊन हवी ती वस्तू मागायला शिकवणं) ही पद्धत बघा; अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती १९८५मध्ये अमेरिकेत मांडली. पहिल्या टप्प्याला दोन मोठी माणसं लागतात. समोरच्याच्या एका हातात द्राक्षं (किंवा त्याला आवडेल ते), दुसरा तळहात उघडा. मधे एकच कार्ड. मूल द्राक्षांकडे हात नेईल तेव्हा मागे बसलेल्याने न बोलता त्याचा हात कार्डाकडे वळवायचा आणि ते तळहातावर ठेववायचं. कार्ड मिळताच 'द्राक्षं!' म्हणून लगेच एक द्राक्ष, लांबीत उभं चिरून. मागची मदत हळूहळू कमी करत जा. 'काय हवं?' असं विचारू नका. मग तो प्रश्नाचीच वाट बघत बसतो.

सासूबाईंना सांगा, चित्रांमुळे बोलणं मागे पडतं असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचं बोलणं उलट वाढतं. कार्ड हातात आलं की शब्द दर वेळी स्पष्ट म्हणा.

उत्तर: एक बाबा, नाशिकरोड
चावण्याबद्दल: ५ बाय ५ सेंमीचं कार्ड, १२५ मायक्रॉनचं लॅमिनेशन. कापताना कागदाभोवती ३-४ मिमी प्लास्टिक राहू द्या. कागदालगत कापलं की लाळ आत शिरते आणि कडा सुटतात. कोपरे गोल करा. वेल्क्रोची मऊ पट्टी तक्त्यावर, खरखरीत कार्डावर, सगळीकडे तशीच. तुकडा सुटून तोंडात जाऊ शकतो, म्हणून रोज ओढून बघा. चावायला थेरपिस्टला विचारून वेगळं च्युई (चावण्यासाठीच बनवलेली वस्तू) द्या.

इंदिरानगरची आई
खूप आभार. रस्त्याच्या कामामुळे बस वेगळ्या वाटेने गेली की फार रडतो. त्यासाठी काही?

विशेष शिक्षिका, पंचवटी
'बदल' असं एक ठळक रंगाचं कार्ड करा. ते आधी गोड बदलांवर शिकवा: पोळीऐवजी पुरी, खोलीऐवजी गच्ची. पहिल्यांदाच रडवणाऱ्या बदलाला वापरलंत तर कार्ड दिसताच रडेल. ओळख पक्की झाली की बसमध्ये चढण्याआधी दाखवा, आणि शेजारी जिथे पोचायचंय त्या जागेचा फोटो ठेवा, म्हणजे वाट बदलली तरी ठिकाण तेच आहे हे त्याला दिसेल.