चिनी बाजारपेठ आणि कर्मचाऱ्याचे वैयक्तिक मत : कंपनीने रेषा कुठे आखावी?

अनुराधा, चिंचवड

यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्या निर्यातीचा मोठा हिस्सा चीनमधील ग्राहकांकडे जातो. अलीकडे व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांसाठी एक परिपत्रक काढायचे ठरवले असून त्याचा मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला आहे. त्यातले मुख्य वाक्य असे आहे : ‘ग्राहक देशांच्या दृष्टीने संवेदनशील असलेल्या कोणत्याही विषयावर कर्मचाऱ्यांनी, वैयक्तिक खात्यावरूनही, मतप्रदर्शन करू नये, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई केली जाईल.’

यामागचे निमित्त लहानसे आहे. आमच्या एका तरुण अभियंत्याने दलाई लामांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारी चार ओळींची पोस्ट लिंक्डइनवर टाकली होती. त्याच्या नावाखाली कंपनीचे नाव दिसते. ग्राहकाच्या खरेदी विभागातील कोणीतरी ती पाहिली आणि आमच्या विक्री अधिकाऱ्याकडे ‘ही तुमच्या कंपनीची भूमिका आहे का’ अशी विचारणा केली. धमकी नव्हती, ऑर्डरही रद्द झाली नाही. तरी त्या मुलाने त्याच संध्याकाळी पोस्ट काढून टाकली आणि त्यानंतर तो कोणत्याच विषयावर काही लिहीत नाही.

व्यवस्थापनाचे म्हणणे मी उडवून लावत नाही, कारण ऑर्डर गेली तर सर्वांत आधी कंत्राटी कामगारांच्या घरची चूल अडते. तरीही या वाक्यावर माझी सही करायला मन धजावत नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी अशा प्रसंगी काय केले, त्याचे परिणाम काय झाले आणि त्यातून आमच्यासारख्यांनी काय घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे.

विवेक, ठाणे

तुमच्या मसुद्यात तीन निरनिराळे प्रश्न एका वाक्यात कोंबले गेले आहेत, आणि खरी अडचण तिथेच आहे. कंपनीने स्वतःच्या नावाने काय बोलावे हा पहिला, परक्या देशात धंदा करताना तिथला कायदा किती पाळावा हा दुसरा, आणि कर्मचाऱ्याने घरी बसून काय लिहावे हा तिसरा. पहिल्या दोन्हींत कंपनीला बराच मोकळेपणा आहे. तिसऱ्यात तो नसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल गूगल आणि याहू यांची उदाहरणे शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. गूगलने जानेवारी 2006 मध्ये चीनसाठी वेगळे शोधयंत्र सुरू केले आणि सरकारला नको असलेले निकाल वगळण्याचे मान्य केले. त्यावर जगभर टीका झाली आणि ती योग्यच होती. मात्र त्याच वेळी गूगलने दोन पथ्ये पाळली होती. निकाल वगळले असतील तर तशी सूचना पानाच्या तळाशी दिसत असे, आणि जीमेल व ब्लॉगर या सेवा त्या चिनी संकेतस्थळावर दिल्याच गेल्या नाहीत, कारण वापरणाऱ्यांची खासगी माहिती सरकारने मागितली तर ती द्यावी लागली असती. याहूने हे पथ्य पाळले नाही. शी ताओ या पत्रकाराने 2004 मध्ये, 1989 मध्ये बीजिंगच्या तिआनानमेन चौकात आंदोलकांवर झालेल्या दडपशाहीच्या पंधराव्या स्मृतिदिनाच्या वार्तांकनाबद्दल सरकारने दिलेल्या सूचनांची माहिती याहूच्या ईमेलवरून परदेशी पाठवली होती. याहूने पुरवलेल्या तपशिलाच्या आधारे तो पकडला गेला आणि 2005 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर 2007 मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या सुनावणीत याहूचे प्रमुख जेरी यांग यांना शी ताओच्या आईची जाहीर माफी मागावी लागली. निकाल लपवणारी कंपनी वाईट तडजोड करते. माणूस पकडून देणारी कंपनी सत्तेचे हत्यार बनते. या दोन पायऱ्यांमधले अंतर फार मोठे आहे आणि ते पुसट होऊ देता कामा नये. गूगलला ती पहिली पायरीही पुढे पेलली नाही : आपल्या यंत्रणेवर हल्ला झाल्याचे जानेवारी 2010 मध्ये जाहीर करून त्याने निकाल गाळणे थांबवण्याचे ठरवले आणि मार्चमध्ये चिनी संकेतस्थळ हाँगकाँगकडे वळवले.

आता तुमचा तिसरा प्रश्न. जानेवारी 2018 मध्ये मॅरियट हॉटेल समूहाने ग्राहकांना पाठवलेल्या प्रश्नावलीत तिबेट, तैवान, हाँगकाँग आणि मकाव यांची नावे देशांच्या यादीत आली. चीनने त्यांचे चिनी संकेतस्थळ आणि ॲप आठवडाभर बंद करायला लावले. त्याच दरम्यान अमेरिकेतील ओमाहा शहरात समूहाचे ट्विटर खाते सांभाळणाऱ्या एका कर्मचाऱ्याने, तिबेटला देश म्हणून दाखवल्याबद्दल समूहाचे कौतुक करणारे एक ट्वीट ‘लाइक’ केले. त्याला नोकरीवरून काढण्यात आले. हा माणूस तासावर पगार घेणारा, चीनशी कोणताही संबंध नसलेला, आणि त्याने लिहिलेला शब्द एकही नाही. त्याने निदान कंपनीच्या खात्यावरून ‘लाइक’ केले होते. तुमचा मसुदा तर माणसाच्या स्वतःच्या खात्यापर्यंत पोहोचतो.

निर्यातदार, इचलकरंजी

विवेक यांच्या मुद्द्यांशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु दबाव प्रत्यक्षात कसा येतो हे समजून न घेता व्यवस्थापनाला भित्रे ठरवणे अन्यायाचे होईल. वस्त्रोद्योगात असल्यामुळे एचअँडएम या स्वीडिश कपडे कंपनीचे प्रकरण आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिले. चीनच्या शिनजियांग प्रांतातील सक्तीच्या मजुरीच्या आरोपांबद्दल चिंता व्यक्त करणारे त्यांचे निवेदन 2020 मधले होते. ते कित्येक महिने कोणाच्या खिजगणतीतही नव्हते. मार्च 2021 मध्ये पाश्चात्त्य देशांनी चिनी अधिकाऱ्यांवर निर्बंध लादले, त्यानंतर दोनच दिवसांत कम्युनिस्ट युवा संघाने ते जुने निवेदन वेइबो या चिनी समाजमाध्यमावर उकरून काढले. बघता बघता चीनच्या मोठ्या ऑनलाइन बाजारांतून एचअँडएमचा माल दिसेनासा झाला, नकाशांच्या ॲपवर त्यांची दुकाने सापडेनाशी झाली आणि जाहिरात करणाऱ्या कलाकारांनी करार मोडले. न्यायालयाचा आदेश नाही, सरकारी पत्र नाही, त्यामुळे दाद मागायलाही जागा नाही. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आमच्यासारख्यांनी कोणाकडे पाहायचे?

दुसरी गोष्ट कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेची. हाँगकाँगमध्ये 30 जून 2020 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याचे 38 वे कलम, परक्या नागरिकाने हाँगकाँगबाहेर केलेल्या कृत्यालाही आपल्या कक्षेत घेते. तुमचे अभियंते यंत्र बसवायला किंवा दुरुस्तीला तिकडे जात असतील, तर त्यांना ही जाणीव करून देणे हे मनुष्यबळ विभागाचे कर्तव्यच आहे. मात्र जाणीव करून देणे वेगळे आणि शिस्तभंगाची तलवार टांगणे वेगळे, हे मलाही मान्य आहे.

मृण्मयी, सोलापूर

एक प्रसंग येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण तो थेट आपल्या देशाशी संबंधित आहे. मे 2018 मध्ये गॅप या अमेरिकन कंपनीने चीनचा नकाशा छापलेल्या एका टी-शर्टबद्दल माफी मागितली. तो टी-शर्ट चीनमध्ये नव्हे, कॅनडातील एका दुकानात पाहिला गेला होता. तक्रार अशी होती की त्या नकाशात तैवान, दक्षिण चीन समुद्रातील बेटे आणि ‘दक्षिण तिबेट’ दाखवलेले नाही. हे ‘दक्षिण तिबेट’ म्हणजे आपला अरुणाचल प्रदेश. नकाशा ‘चुकीचा’ असल्याची कबुली देत कंपनीने चीनच्या प्रादेशिक अखंडतेचा आदर करत असल्याचे जाहीर केले, म्हणजे नकळत आपल्या एका राज्यावरचा परका दावाही पदरात घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या एअर इंडियाने, तेव्हा ती सरकारी मालकीची होती, चीनच्या विमान वाहतूक खात्याच्या मागणीनंतर संकेतस्थळावर तैवानच्या जागी ‘चायनीज तैपेई’ असे लिहिले.

म्हणूनच ‘ग्राहक देशांच्या दृष्टीने संवेदनशील’ ही शब्दरचना मला घातक वाटते. या व्याख्येनुसार अरुणाचलच्या सहलीची छायाचित्रे टाकणारा कर्मचारीही दोषी ठरू शकतो. आणि 2021 मध्ये आपल्या पंतप्रधानांनी दलाई लामांना फोन करून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्याचे स्वतः जाहीर केले होते. देशाचे पंतप्रधान जे उघडपणे करतात, ते चिंचवडमधल्या अभियंत्याने केले तर शिस्तभंग, हे कोणत्या तर्कात बसते?

समीर, ह्यूस्टन

मी येथे बरीच वर्षे राहतो आणि बास्केटबॉल आवडीने पाहतो, त्यामुळे 2019 चे प्रकरण जवळून अनुभवले. ऑक्टोबर 2019 च्या सुरुवातीला ह्यूस्टन रॉकेट्स संघाचे महाव्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगमधील आंदोलकांच्या बाजूने एका ओळीचे ट्वीट केले आणि थोड्याच वेळात काढूनही टाकले. चीनचा प्रसिद्ध खेळाडू याओ मिंग याच संघातून खेळल्यामुळे चीनमध्ये रॉकेट्सचा चाहतावर्ग प्रचंड होता. चिनी प्रायोजकांनी पाठ फिरवली, चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचे सामने दाखवणे थांबवले, आणि त्याच वर्षी सुमारे 1.5 अब्ज डॉलरचा पाच वर्षांचा नवा करार केलेल्या टेन्सेंट या चिनी इंटरनेट कंपनीने रॉकेट्सचे प्रक्षेपण बंद केले.

एनबीएचे पहिले निवेदन दोन्ही डगरींवर पाय ठेवणारे होते. त्याने चीनचा राग शांत झाला नाही आणि अमेरिकेत दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी संतापले. दोन दिवसांनी आयुक्त ॲडम सिल्व्हर यांनी मात्र वेगळी भाषा वापरली : खेळाडू, कर्मचारी आणि संघमालक काय बोलतात याचे नियमन करण्याच्या फंदात लीग पडणार नाही. मोरी यांना काढून टाकण्याची मागणी चीनकडून झाल्याचे त्यांनी नंतर सांगितले, चीनने ते नाकारले. मोरी यांची नोकरी मात्र शाबूत राहिली. नुकसान कोट्यवधी डॉलरचे झाले. सिल्व्हर यांनी 2020 मध्ये त्याचा अंदाज 40 कोटी डॉलरच्या आत सांगितला. त्या दिवसांत मैदानाबाहेर हाँगकाँगच्या समर्थनाचे टी-शर्ट वाटणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत, आणि अवघ्या एका ओळीने दोन महासत्तांमधला धंदा ढवळून निघतो याचे नवल वाटले होते.

पण दरवाजा कायमचा बंद झाला नाही. सरकारी वाहिनीने वर्षभराने, ऑक्टोबर 2020 मध्ये, अंतिम फेरीचा एक सामना दाखवला. 2022 पासून प्रक्षेपण नियमित झाले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये मकाव येथे एनबीएचे सामनेही झाले. अर्थात यावरून ‘ताठ उभे राहिले की सगळे ठीक होते’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. महिला टेनिस संघटनेने चिनी टेनिसपटू पंग श्वाई हिच्या सुरक्षिततेसाठी डिसेंबर 2021 मध्ये चीनमधील सर्व स्पर्धा स्थगित केल्या. तिने एका माजी उपपंतप्रधानांवर केलेल्या आरोपाची पोस्ट अर्ध्या तासाच्या आत गायब झाली होती. संघटनेची मागणी स्वतंत्र चौकशीची होती. पुरुषांच्या संघटनेने तसे पाऊल उचलले नाही, महिलांची संघटना एकाकी पडली आणि एप्रिल 2023 मध्ये मागणी पूर्ण न होताच चीनमध्ये परतली. मला तरीही त्या सोळा महिन्यांचे मोल वाटते, कारण एका खेळाडूसाठी इतके मोठे उत्पन्न सोडण्याची तयारी त्यांनी दाखवली.

तुमच्या परिस्थितीत एवढ्या शौर्याची गरजच नाही. ग्राहकाने विचारले होते, ‘ही कंपनीची भूमिका आहे का?’ त्याला सरळ उत्तर होते : ‘नाही, कर्मचाऱ्यांची वैयक्तिक मते त्यांची स्वतःची असतात, आणि कंपनी राजकीय विषयांवर भूमिका घेत नाही.’ हे उत्तर सभ्य आहे, खरे आहे आणि त्यात कोणाचा अपमान नाही. ते विक्री विभागाकडे आधीपासून लेखी असायला हवे होते, म्हणजे त्या मुलावर रातोरात पोस्ट काढण्याची वेळ आली नसती.

विवेक, ठाणे

समीर यांनी सुचवलेले उत्तर मला पटते. त्याला एक जोड देतो. आज आपण दलाई लामांवरच्या पोस्टपुरते नमते घेतले, तर उद्याची यादी आपल्या हातात राहत नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. शिवाय ‘संवेदनशील विषय’ असे मोघम लिहिले की कर्मचारी स्वतःच सर्वांत सुरक्षित अर्थ लावतात, म्हणजे काहीच बोलत नाहीत. तुमचा तो अभियंता आता कशावरच लिहीत नाही, हे तुम्हीच सांगितले आहे. परिपत्रक निघण्याच्या आधीच ते लागू झालेले आहे.

कायद्याबाबत थोडे : राज्यघटनेच्या 19 व्या कलमातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी प्रामुख्याने सरकारविरुद्ध आहे, त्यामुळे खासगी कंपनीविरुद्ध केवळ तिच्या जोरावर लढता येईल असे गृहीत धरू नका. जे मिळवायचे ते मसुद्याच्या टप्प्यावरच मिळवा.

अनुराधा, चिंचवड

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या प्रतिसादांच्या आधारे मी मसुद्यातले ते वाक्य काढून पुढील मजकूर सुचवला आहे : ‘कंपनीच्या अधिकृत खात्यांवरून राजकीय विषयांवर मत मांडले जाणार नाही. कर्मचाऱ्यांची वैयक्तिक मते ही कंपनीची भूमिका नसते, आणि ग्राहकाने विचारणा केल्यास विक्री विभाग हेच उत्तर लेखी देईल. कामानिमित्त परदेशी जाणाऱ्यांना तेथील कायद्यांची माहिती प्रवासापूर्वी दिली जाईल.’ शिस्तभंगाचा उल्लेख पूर्णपणे वगळला आहे.

विक्रीप्रमुखांना पहिली दोन वाक्ये मान्य आहेत. त्यांचा आग्रह एवढाच आहे की चिनी ग्राहकांशी रोज बोलणाऱ्या चार-पाच अभियंत्यांनी आपल्या लिंक्डइन खात्यावरून कंपनीचे नाव काढावे. ही मागणी सक्ती न करता विनंती म्हणून ठेवली तर मला ती मान्य करण्याजोगी वाटते, पण त्या मुलांनी नकार दिल्यास पुढे काय, हे परिपत्रकात लिहावे की नाही याबद्दल माझे मत अजून ठरलेले नाही.

निर्यातदार, इचलकरंजी

लिहाच. ‘नकार दिल्यास त्याचा बढतीवर किंवा कामाच्या वाटपावर परिणाम होणार नाही’ एवढे एक वाक्य घाला, नाहीतर विनंती आणि हुकूम यांत फरक उरत नाही. आणि त्या अभियंत्याशी कोणीतरी वरिष्ठाने समोर बसून बोलावे, त्याने काही गैर केले नव्हते हे त्याला कंपनीकडूनच कळायला हवे.