काळजीपोटी केलेली चर्चा आणि दुरावलेली मैत्रीण

प्रश्न :
माझ्या एका मैत्रिणीने नोकरी सोडण्याचा विचार मला विश्वासाने सांगितला होता आणि मी तो काळजीपोटी आमच्या तिसऱ्या मैत्रिणीच्या कानावर घातला. चार दिवसांत त्याचे ‘तिला नोकरीवरून काढणार आहेत’ असे झाले आणि ते फिरून तिच्यापर्यंत पोहोचले. आता मी बोलू लागले की ती ‘हो’, ‘नाही’ एवढेच म्हणते आणि फोन चाळत बसते. माझा हेतू वाईट नव्हता, हे तिला कसे पटवावे?

प्रतिसाद १ :
गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी अफवांवरचा आपला अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध केला. गोष्ट कर्णोपकर्णी जाताना बहुतेक तपशील गळतात, उरलेले अधिक ठसठशीत होतात आणि ऐकणारा त्यांना आपल्या समजुतींच्या साच्यात बसवतो, असे त्यांना आढळले. तुमच्या वाक्यातला ‘विचार’ गळाला आणि ‘नोकरी जाणे’ तेवढे उरले. त्याला तिखटमीठ लावणारा कोणी दुष्टच असावा लागतो असे नाही.

प्रतिसाद २ :
सरसकट कुचाळक्यांनाच दोष देऊ नये. माकडे एकमेकांचे केस साफ करून जवळीक टिकवतात, तेच काम माणसांत इतरांविषयीच्या गप्पा करतात, असे ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांचे प्रतिपादन आहे. कोण शब्दाला जागतो आणि कोण फसवतो, हे आपल्याला बहुधा असेच कळते. मात्र ही जवळीक बोलणाऱ्या दोघांची असते. तिची किंमत गैरहजर असलेला तिसरा मोजतो.

प्रतिसाद ३ :
बोलणाऱ्या त्या दोघांनाही ही जवळीक फुकट मिळत नाही. दुसऱ्याचे वर्णन करताना आपण जे गुण-दोष सांगतो, ते ऐकणाऱ्याच्या मनात नकळत आपल्यालाच चिकटतात, असे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले आहे. शिवाय ‘ही माझेही असेच कोणाला सांगत असेल’ ही शंका तुमच्या तिसऱ्या मैत्रिणीला आली नसेल, असे मला वाटत नाही. हेतू पटवण्याच्या भरीस पडू नका. मैत्रिणीचा राग बातमी बदलली म्हणून कमी आणि ती तुमच्या तोंडून बाहेर गेली म्हणून जास्त असावा. तेवढे निखळपणे कबूल करा, आणि तिसरीचे नाव पुढे करू नका; नाहीतर माफी मागतानाही तुम्ही पुन्हा तेच कराल.

प्रश्नकर्ती :
नाव घेण्याच्याच बेतात होते. आणि खरे सांगायचे तर, ‘तुला कळले का?’ असे तिसरीला विचारताना काळजीपेक्षा आपल्याला आधी कळल्याचा तोराच जास्त होता.