लोकांनी निवडलेल्या अध्यक्षाला कोर्टानं का अडवावं?

राजापूरकर
अमेरिकेच्या अध्यक्षाचा आदेश कोर्टानं थांबवला की आपल्याकडे टाळ्या पडतात. मला ते पटत नाही. कोट्यवधी मतं घेऊन आलेल्या माणसाचा हात नऊ जणांनी धरायचा, तेही तहहयात नेमलेल्या? रूझवेल्टना लोकांनी चार वेळा निवडलं. मग तिथल्या राज्यघटनेच्या १९५१ च्या बाविसाव्या दुरुस्तीनं तिसऱ्यांदा निवडून यायची वाटच बंद केली. लोक चुकले होते का?

आपली खोती आठवा, कोकणातली ती सारावसुलीची वतनदारी. बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणलं, शेवटी १९४९ च्या कायद्यानं खोती गेली. गेली ती बहुमतानं. आणि १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ न्यायाधीशांनी मूलभूत हक्कांना हात लावायला संसदेला मनाई केली, तेव्हा त्याविरुद्ध विधेयक मांडलं आमच्याच खासदारांनी, नाथ पैंनी.

दापोलीचा वकील
काका, नाथ पै अधिकार मागत होते संसदेसाठी, एका माणसासाठी नव्हे. खोतीही फर्मानानं गेली नाही.

१९५२ मध्ये संप तोंडावर होता, कोरियात युद्ध चालू होतं. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने सरकारी ताब्यात घेतले. सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ नं ते बेकायदा ठरवलं. ट्रुमननी स्वतः नेमलेल्या चार न्यायाधीशांपैकी दोघं त्यांच्या विरोधात गेले. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं: कायदा करायचा तो काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं. ती काँग्रेसही लोकांनीच निवडलेली असते ना? मग बहुमत एकट्या अध्यक्षाच्या खिशात कसं?

मालवणी
माका एक सांगा वकीलसाहेब, त्या न्यायाधीशांका कोणी दिली मतां?

दापोलीचा वकील
कोणीच नाही, म्हणूनच ते पुढच्या निवडणुकीला भीत नाहीत. १९७१ मध्ये इंदिराबाईंना ३५२ जागा होत्या. १९७५ मध्ये त्या बळावर एकोणचाळिसावी दुरुस्ती झाली आणि पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर गेली. ते कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलं. तेव्हा राजापूरचे खासदार मधु दंडवते तुरुंगात होते, काका.

राजापूरकर
होते, आणि १९७६ मध्ये त्याच कोर्टानं ४ विरुद्ध १ नं सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्धांना सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. कोर्ट गप्प बसलं. आणीबाणी उठली ती १९७७ च्या मतपेट्यांमुळे. हे विसरू नका.

वेंगुर्ल्याची बाई
काकांचं हे खरं आहे, कोर्टावर विसंबून राहता येत नाही. पण बहुमत काय करतं ते मी घरात पाहिलंय. माझ्या लहानपणी गावकीच्या बैठकीत हात वर झाले आणि आमचं घर वाळीत पडलं. आजीच्या तेराव्याला कोणी फिरकलं नाही. मोजणी अगदी बरोबर होती, एकही हात खोटा नव्हता. पुढे २०१६ मध्ये राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. तोही निवडून आलेल्यांनीच केला, आणि तो उद्याच्या बैठकीलाही बांधतो. अध्यक्षावरची बंधनं मला तशीच वाटतात: शांत डोक्यानं आधी घालून ठेवलेली. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या भक्तीबद्दल बजावलं होतं, ते याचसाठी.

राजापूरकर
बाई, तेराव्याचं वाचून वाईट वाटलं. आदेशांपुरतं तुमचं मानतो. पण तिसऱ्यांदा उभं राहायची बंदी मला अजून पटलेली नाही. तिथं कोणाला वाळीत टाकलं जातंय?

वेंगुर्ल्याची बाई
उद्या त्याच्याविरुद्ध उभा राहणाऱ्याला.