आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत तुम्ही काय खरे मानले होते?

आवाहन (पुणे)

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि २१ मार्च १९७७ रोजी ती उठली. या काळातील तुरुंगवासाविषयी आणि भूमिगत चळवळीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, पण ते लिहिणारे बहुतेक जण विरोधात उभे राहिलेले होते. मला विचारायचे आहे ते बाकीच्यांना. म्हणजे जे सकाळी आकाशवाणीच्या बातम्या ऐकत, वर्तमानपत्र वाचत आणि कामाला जात, त्यांना. त्या दिवसांत तुम्ही कोणती गोष्ट खरी मानली होती, आणि ती तशी नव्हती हे तुम्हांला केव्हा व कशामुळे उमगले?

सुरुवात मीच करतो. मी तेव्हा नववीत होतो. आमच्या वाड्यात तळमजल्यावर राहणाऱ्या मास्तरांना एका पहाटे पोलीस घेऊन गेले. त्यांच्या अटकेबद्दल पेपरात एक ओळही आली नाही. मात्र रेडिओवर तस्कर, साठेबाज आणि समाजकंटक यांना पकडल्याचे रोज सांगितले जात होते. दोन गोष्टींची सांगड माझ्या मनाने आपोआप घातली. मास्तरांनी काहीतरी केलेच असणार असे मी धरून चाललो आणि त्यांच्या मुलाबरोबर खेळणे सोडले. मला तसे कोणीही शिकवले नव्हते. १९७७ च्या फेब्रुवारीत मास्तर सुटून आले, खूप वाळले होते, आणि जिन्यात मला पाहताच म्हणाले, "गणित कुठवर आलं? वही घेऊन ये." मी वही घेऊन गेलो नाही, कारण त्यांच्या मुलासमोर उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. तो मुलगा पुन्हा माझ्याशी पूर्वीसारखा कधीच बोलला नाही.

मुंबई

माझे वडील एका छोट्या छापखान्यात जुळारी होते. शाळा सुटली की मी त्यांचा डबा पोहोचवायला जात असे, त्यामुळे सेन्सॉर म्हणजे काय हे मी अगदी जवळून पाहिले. आठवड्याच्या अंकाची प्रुफे अधिकाऱ्याकडे जात आणि काट मारलेल्या परिच्छेदांसह परत येत. मग वडील चिमट्याने त्या ओळींचे खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, एकेक करून उचलत आणि ते ठेवायच्या पेटीच्या खणांत परत टाकत. पण काढलेली जागा कोरी ठेवायची नाही, असाही हुकूम होता. सुरुवातीच्या दिवसांत काही वर्तमानपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध नोंदवला होता, म्हणून ही मनाई. तेव्हा त्या जागी खतांची माहिती, एखादे सुभाषित, जाहिरात असे काहीतरी बसवले जाई. सुभाषितही जपून निवडावे लागे, कारण गांधीजींची आणि रवींद्रनाथांची वचनेसुद्धा अडवली जात होती.

एवढे डोळ्यांनी पाहूनही, दुसरे मोठे दैनिक घरी आले की ते पूर्ण आहे असे धरूनच मी वाचत असे. पान भरलेले दिसले की त्यातून काही काढले आहे हे मनात येत नाही. फसवणूक छापलेल्या ओळींत जेवढी होती, तेवढीच ती त्या भरलेल्या जागांत होती.

वर्धा

विनोबांविषयी लिहिले पाहिजे. ते १९७५ साली वर्षभराच्या मौनात होते आणि पवनारला कोणी भेटायला आले तर लिहून उत्तर देत. आणीबाणीविषयी विचारले असता त्यांनी 'अनुशासनपर्व' एवढाच शब्द लिहून दाखवला, आणि काही आठवड्यांत तो भिंतींवर, फलकांवर, सरकारी जाहिरातींत सर्वत्र झळकू लागला. आमचे घर सर्वोदयी. विनोबांनी आशीर्वाद दिला म्हटल्यावर आमच्यापुरता प्रश्न मिटला. २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर त्यांनी खुलासा केला की शासन सत्ताधाऱ्यांचे असते आणि अनुशासन आचार्यांचे, आणि त्यांना अभिप्रेत होते ते दुसरे. शब्द त्यांचाच होता. त्याचा अर्थ मात्र सहा महिने दुसऱ्यांनी लावला, आणि खुलाशाला त्या फलकांएवढी जागा कोठेच मिळाली नाही. आमच्या शाळेच्या भिंतीवर ती अक्षरे पुढेही कित्येक महिने तशीच होती.

सांगली

आमच्याकडे सगळे म्हणत की आणीबाणीमुळे स्वस्ताई आली, आणि मीही तेच म्हणत असे. सासूबाई गेल्यानंतर त्यांची हिशेबाची वही माझ्या हाती आली. तेलाचा भाव जूनच्या आधीच उतरू लागल्याचे त्यांच्या अक्षरात स्वच्छ दिसते. पुढे अर्थशास्त्राच्या प्राध्यापक असलेल्या माझ्या भावाने सांगितले की महागाईचा दर सप्टेंबर १९७४ नंतर घसरू लागला होता आणि १९७५ चा पाऊसही चांगला झाला. म्हणजे आकडे खरे होते, त्यांचे कारण तेवढे खोटे जोडलेले होते. अशी बनवाबनवी उघडकीस आणणे फार अवघड असते, कारण बाजारात गेलेल्या प्रत्येकीला तिचा पुरावा मिळतो.

गिरणगाव

आमच्या घरी रेडिओवर 'औद्योगिक शांतता' ऐकत असतानाच किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. त्या दिवाळीला आईने फराळात फक्त शंकरपाळे केले. आमच्या घरात कोणाचा कशावर विश्वास बसला नव्हता, म्हणून आवाहनातील प्रश्नाला माझ्याकडे याहून अधिक उत्तर नाही.

एका तालुक्याच्या गावाहून, निवृत्त शिक्षक

मी फसलो होतो असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. मी फसवणाऱ्यांत होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

१९७६ मध्ये आम्हा शिक्षकांना नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचा कोटा ठरवून दिला होता. कोटा भरला नाही तर पगार रोखला जाईल, असे बैठकीत तोंडी सांगण्यात आले. लेखी काहीच दिले नाही. सकाळी मुलांची प्रभातफेरी काढायची, हातात कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचे फलक, आणि संध्याकाळी त्याच मुलांच्या बापांच्या ओसरीवर जाऊन बसायचे. ही सक्ती नाही असे मी प्रत्येकाला सांगितले. त्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही, पण ते संमत झाल्याचे मला माहीत असताना मी 'सक्ती नाही' म्हणत होतो.

एक शेतमजूर होता, त्याला दोन मुलीच. त्याने मला विचारले, "गुरुजी, नाही म्हटलं तर रेशन बंद होईल का?" मी 'नाही' असे म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "मी कसं सांगू?" तो दुसऱ्या दिवशी शिबिराला आला. महिन्याअखेर आमच्या तालुक्यात लोकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाल्याची बातमी आली, आणि तिच्यात दिलेल्या संख्येत माझे अकरा जण होते. ती बातमी वाचताना मला अभिमान वाटला, ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. देशभरात त्या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. प्रचार वरून येतो असे आपण म्हणतो. शेवटच्या घरापर्यंत तो माझ्यासारख्याच्या तोंडून गेला, आणि लोकांनी त्यावर विश्वास ठेवला तो मी गावचा गुरुजी होतो म्हणून.

दिल्ली

निवडणुकीच्या प्रचारात, ६ फेब्रुवारी १९७७ च्या रविवारी, रामलीला मैदानावर विरोधी पक्षांची मोठी सभा होती आणि त्याच संध्याकाळी दूरदर्शनने 'बॉबी' दाखवला. लोक घरीच बसतील, असा हिशेब होता. आमच्या करोलबागेतल्या घरी एकट्याकडेच टीव्ही असल्यामुळे शेजारपाजारचे सगळे दरवेळी जमत. त्या दिवशी मुले आली, मोठी माणसे आली नाहीत. आणि चित्रपट चालू असतानाच माझे वडील चपला घालून बाहेर पडले.

कराड

वरील सर्व अनुभवांत माझ्या मनातली गोष्ट कोणी लिहिली नाही. आम्हांला सरकारविषयी जेवढे खोटे सांगितले गेले, त्याहून मोठे खोटे आमच्याचविषयी सांगितले गेले: लोक खूश आहेत, शांत आहेत. कोणी कोणाशी बोलत नसल्यामुळे ते पडताळून पाहण्याची सोयच नव्हती. मी रात्री रेडिओ कानाला लावून बीबीसी हिंदी ऐकत असे आणि सबंध आळीत असे करणारा मी एकटाच आहे, असे मला खरोखर वाटत होते.

डिसेंबर १९७५ मध्ये आमच्या गावी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. आणीबाणीत तुरुंगात टाकलेले विरोधी नेते जयप्रकाश नारायण तेव्हा सुटकेनंतर मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. त्यांना आराम पडावा म्हणून प्रार्थना करू या, असे दुर्गाबाईंनी मंत्र्यांच्या समोरच सांगितले. मी उठलो तेव्हा पाय थरथरत होते आणि नजर खाली होती. मग मागून, बाजूने माणसे उठल्याचा आवाज येत राहिला. मान वर केली तर माझ्या शेजारी आमच्याच आळीतले टपाल खात्यातले गृहस्थ उभे होते. रोज सकाळी आम्ही एकमेकांना नमस्कार करत होतो.