१७-१८ व्या वर्षी आई झालेल्या पोरींना सोबत कशी द्यायची?

पूर्वभागातली_ताई:
नमस्कार, आम्ही दोघी-तिघी बायका सोलापूरच्या विडी घरकुल भागात, म्हणजे विडी कामगारांच्या वस्तीत, कमी वयात आई झालेल्या पोरींची मीटिंग घेतो. एकदा-दोनदा येतात, मग बंद. सासू म्हणते विड्या कोण वळणार. एक तर १७ वर्षांची आहे, बाळ दोन महिन्यांचं, दहावी अर्धवट सुटली, काही विचारलं की मान खाली घालून पानं कापत राहते. फार जीव तुटतो हो. काय करू?

आशाकाम_सोलापूर:
ताई बोलावूच नका, तुम्हीच जा. कारखान्यात विड्या देऊन आल्या की जरा मोकळ्या असतात तेव्हा. आणि आधी सासूजवळ बसा, तिची बाळंतपणं कशी झाली विचारा, बहुतेक तिचंही पहिलं असंच कोवळ्या वयात झालेलं असतं, ती बोलायला लागली की सून आपोआप जवळ सरकते. घरात तेलुगू असेल तर तेलुगू येणारी बाई न्या. दरवेळी तीच बाई जाऊ दे, रोज नवीन चेहरा नको. आणि तंबाखूचे हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, तंबाखूचं सूप बाळापासून लांब, हे सासूलाच सांगा, ती बरोबर लक्ष ठेवते.

सिस्टर_नाईटड्युटी:
हिमोग्लोबिन बघा आधी. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० दिवस घ्यायच्या असतात, घरी आल्यावर सोडून देतात पोरी. दुसरं लगेच राहू नये म्हणून अंतरा इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी, सरकारीत फुकट, अंगावर पाजत असली तरी सहा आठवड्यांनंतर चालतं, पण डॉक्टरांना दाखवूनच. एक मात्र नीट ऐका, १८ च्या आतली असेल तर पॉक्सोमुळे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. म्हणून "कुणाला कळणार नाही" असं वचन तिला देऊ नका, विश्वास गेला की ती परत दार उघडणार नाही. पण या भीतीने दवाखाना टाळू देऊ नका. मारहाण होत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन.

पूर्वभागातली_ताई:
खूप आभार दोघींचे. आणि दहावीचं काय करता येईल? एकदा हळूच म्हणाली होती, गणित आवडायचं.

मास्तर_जुळे_सोलापूर:
१७ नंबर फॉर्म भरा, बाहेरून दहावी देता येते, रोज शाळेत जायला नको. ऑनलाइन असतो आणि मुदत चुकवू नका. शाळा सोडल्याचा दाखला लागतो, तो तुम्ही सोबत जाऊन काढून आणा, एकटी जायची नाही ती. गणित मी शिकवतो, मेसेज करा.