पडवीतली हत्यारं: भिंतीवर टांगू की कपाटात ठेवू?

पडवीवाला, देवरूख

नमस्कार मंडळी. मागच्या पडवीत सुतारकामाचा कोपरा केलाय. धंदा नाही, हौस. पाट, स्टूल, शेजाऱ्यांच्या खिडकीची झडप, असली कामं. निम्मी हत्यारं आजोबांची आहेत: दोन लाकडी रंधे, एक लोखंडी जॅक रंधा, पटाश्या, गुण्या, गिरमिट. करवती, पाने, पक्कड, कानशी मी घेतलेल्या.

सगळा संसार एका पत्र्याच्या पेटीत आहे. तळाची पटाशी हवी असेल तर अख्खी पेटी उपसायची, आणि तोवर तिची धार कानशीवर घासून गेलेली असते. मागच्या भिंतीवर सहा बाय चारचा पेगबोर्ड (हुक अडकवायची भोकाभोकांची फळी) लावावा असं डोक्यात आहे, व्हिडिओत झकास दिसतो. पण भिंत जांभ्याची, श्रावणात हात लावला तर ओल लागते. भाऊ म्हणतो लोहचुंबकाची पट्टी लाव, सगळं चिकटून राहील. आई म्हणते खोबरेल लाव आणि गप्प बस. बजेट तीन-चार हजार. काय करावं?

जुना फिटर, नाशिक

टूलरूममध्ये आयुष्य गेलंय, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पेगबोर्ड कोरड्या हवेतल्या गॅरेजसाठी ठीक. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. साधारण ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की उघड्या लोखंडाला गंज झपाट्याने धरतो, आणि कोकणात पावसाळाभर ती त्याच्या बरीच वर असते. म्हणून आधी हत्यारांची वाटणी करा. धारेची आणि मापाची, म्हणजे पटाश्या, रंधे, करवती, गुण्या, ही दाराच्या कपाटात. हातोड्या, पाने, पकडी, क्लॅम्प खुशाल बाहेर टांगा. त्यांच्यासाठी पेगबोर्ड कशाला, १२ मिमी प्लायला खिळे मारले तरी चालतं.

कपाट जांभ्याला चिकटवू नका. भिंतीवर आधी इंचभर जाडीच्या उभ्या पट्ट्या ठोका, त्यावर कपाट. मागून वारा फिरला पाहिजे. त्याहून बरं म्हणजे पडवीची आतली, स्वयंपाकघराला लागून असलेली भिंत बघा. चुलीची ऊब असते, घरातली सगळ्यात कोरडी भिंत तीच. कपाटाची खोली आठ इंच पुरे. जॅक रंधा साधारण १४ इंच लांब असतो, तो तळाच्या फळीवर आडवा बसेल. त्याच्या पुढच्या टोकाखाली पातळ पट्टी सरकवा, म्हणजे पातं फळीला टेकत नाही. लाकडी रंध्यांची पाचर पावसाळ्यात सैल ठेवा. लाकूड फुगलं आणि पाचर घट्ट असली तर अंग तडकतं, आणि आजोबांचा रंधा परत मिळत नाही.

पटाश्यांना आडवी पट्टी, तिला खाचा. मूठ वर, पातं खाली. समोरून अर्धा इंच अंतरावर दुसरी पट्टी मारा, नाहीतर घाईत हात गेला की बोट कापलंच. खाच पात्यापेक्षा दोन मिलिमीटर रुंद, जास्त नको.

कानशींबद्दल लोक फार बेफिकीर असतात. कानशीचं पोलाद कडक पण ठिसूळ. एकीवर एक आपटली की दात मोडतात आणि मग ‘कानस खराब निघाली’ म्हणून दुकानदाराच्या नावाने ओरडा! प्रत्येकीला वेगळा कप्पा द्या किंवा जाड कापडात गुंडाळा. तेल मात्र लावू नका, कामावर घसरते. खडू घासून ठेवा, त्याने कीसही दातांत अडकत नाही.

चुंबकाची पट्टी पाने आणि स्क्रू ड्रायव्हरला ठीक. पटाशीला नको. पोलादात चुंबकत्व उतरतं, मग धार लावताना कीस पात्याला चिकटतो; शिवाय खेचून काढताना धार पट्टीवर आदळते.

मांडणीचं एकच सांगतो, प्रकारावर जाऊ नका, हातावर जा. गुण्या, पेन्सिल, टेप दर दोन मिनिटांनी लागतात, ती खांद्याच्या उंचीला. गिरमिट वर गेलं तरी चालेल. कारखान्यात फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, पाळी संपताना काय परत आलं नाही ते लांबूनच कळतं. घरी ती आकृती लगेच रंगवू नका. महिनाभर वापरा, जागा दोनदा तरी बदलते.

मांडवीकाठी, पणजी

फिटरकाकांच्या सगळ्याला दुजोरा. मी फ्रेमिंग करते, आमच्याकडे त्यात खाऱ्या हवेची भर.

पडवीवालेदादा, आईंना सांगा खोबरेल नको, काही महिन्यांत चिकट होऊन वर धूळ धरतं. शिवणयंत्राचं तेल फडक्याला लावून नुसतं पुसून घ्या. जी हत्यारं पावसाळाभर हलणार नाहीत, त्यांना व्हॅसलीनचा पातळ हात. कपाटात सिलिका जेल ठेवा. निळं गुलाबी झालं की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशाला तापवून पुन्हा वापरता येतं. जुने लोक कापूर ठेवायचे, मीही ठेवते, पण तो उडून जातो, डबी बघत राहावं लागतं. काही जण कपाटात जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ऊब देतात. कापूर किंवा तेलकट फडकी आत असतील तर ते अजिबात करू नका.

आणि चामड्याच्या म्यानात पटाशी ठेवू नका. चामडं ओल धरतं, कमावतानाचे क्षारही त्यात राहतात.

बाल्कनी सुतार, पुणे

आम्हा वन बीएचकेवाल्यांनी काय करायचं? जुन्या जीन्सची गुंडाळी शिवली, प्रत्येक पटाशीला खिसा, दिवाणाखाली. बायको दिवाण झाडायला उचलते तेव्हा संसाराला धार येते. बाकी चर्चा वाचून कपाटाचा मोह झालाय, भिंत नाही.

पडवीवाला, देवरूख

काका, ताई, मनापासून आभार. स्वयंपाकघराच्या भिंतीची जागा आजच मोजली, तीन फूट रुंद मिळते. दोन शंका. करवती दाराच्या आतल्या बाजूला टांगल्या तर दार ओढेल का? आणि प्लाय कुठला घेऊ? दुकानदार म्हणतो सगळे वॉटरप्रूफच असतात.

जुना फिटर, नाशिक

तीन फुटांना एक दार करू नका, दीड-दीड फुटांची दोन करा, प्रत्येकाला तीन बिजागऱ्या. दारावर करवती आणि गुण्या चालतील, लोखंडी रंधा चढवू नका.

प्लायवर छापलेलं वाचा. आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक. आयएस ७१० म्हणजे मरीन. आयएस ३०३ मध्ये एमआर (नुसता दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) असे दोन प्रकार येतात. एमआर तुमच्या पडवीला नको. बीडब्ल्यूआर १८ मिमी पुरेल, पण कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी तिथूनच शिरतं. आणि पत्र्याची पेटी भंगारात घालू नका, शेजाऱ्यांच्या झडपेला जाताना लागेल.